आतून कडी लावलेलं गाव

ऑनसाइटला यूकेत जाऊन आलेल्या मित्रमैत्रिणींचे फोटो आठवून बघा. टॉवर ब्रिज, बिग बेन, स्टोनहेंज, एखाद्या लाँग वीकेंडला लेक डिस्ट्रिक्ट, आणि क्रिकेटवेडा प्राणी असेल तर लॉर्ड्सच्या गेटसमोर दात काढून उभा. शेफील्डपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, डर्बिशरच्या डोंगराळ भागात एक गाव आहे, ते या अल्बममध्ये सहसा सापडत नाही. स्पेलिंग ई-वाय-ए-एम, पण उच्चार 'ईम'. आपल्या 'भीम'शी यमक जुळेल असा. वस्ती हजाराच्या आतबाहेर. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या, एक जुनं चर्च, एक पब, चहा-केकची दुकानं. बिस्किटांच्या डब्यावर छापलेलं असतं ना, अगदी तसलं इंग्लिश खेडं!

मग एखाद्या घरासमोरची हिरवी पाटी दिसते. आपल्याला वाटतं, कुणीतरी कवी वगैरे इथे राहत असेल. जवळ जाऊन वाचायला लागलं की पाटीवर एका कुटुंबातल्या माणसांची नावं असतात, वय असतं आणि मृत्यूची तारीख असते. पुढच्या घरावर तशीच पाटी. त्याच्या पुढच्या घरावरही. सगळ्या तारखा १६६५ आणि १६६६ मधल्या.

साधारण चौदा महिन्यांत या गावातली सुमारे २६० माणसं प्लेगने गेली. आणि त्या काळात, रोग बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःला आतून कडी लावून घेतली, अशी ईमची ख्याती आहे. २०२० मध्ये आपण सगळे घरात बसून भांडी घासत होतो, तेव्हा जगभरच्या पेपरांना आणि चॅनलवाल्यांना या गावाची अचानक आठवण झाली. 'लॉकडाऊन शोधून काढणारं गाव' या छापाच्या बातम्या आल्या. गोष्ट तशी सरळ नाहीये. सरळ नाहीये म्हणूनच तिच्यात दम आहे.

शिंप्याच्या घरात आलेला गठ्ठा

चर्चच्या शेजारी ओळीने जी घरं आहेत त्यांना 'प्लेग कॉटेजेस' म्हणतात. त्यातल्या एका घरात मेरी हॅडफील्ड नावाची बाई राहत होती. पहिल्या नवऱ्यापासूनचे दोन मुलगे, दुसरा नवरा अलेक्झांडर, जो शिंपी होता, आणि त्याच्या हाताखाली काम करणारा जॉर्ज विकर्स. असा हा संसार. १६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. लंडनमध्ये तेव्हा प्लेगने हाहाकार उडवला होता. त्या साथीत तिथली अंदाजे लाखभर माणसं मेली. इतक्या लांब डोंगरात त्याची झळ पोचेल असं कुणाला वाटणार? गठ्ठा दमट होता, म्हणून विकर्सने कापड शेकोटीपुढे वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या, अशी आजवर सांगितली जाणारी गोष्ट आहे.

७ सप्टेंबर १६६५ ला विकर्स गेला. २२ सप्टेंबरला मेरीचा चार वर्षांचा एडवर्ड. २ ऑक्टोबरला बारा वर्षांचा जोनाथन. वर्षभराने, ऑगस्ट १६६६ मध्ये अलेक्झांडर. मेरी एकटी उरली. तिच्या नात्यातली एकूण तेरा माणसं गेली, असं पाटी सांगते. या घरांत आजही लोक राहतात, बाहेर बागेत खुर्च्या असतात, त्यामुळे फोटो काढताना खिडकीतून आत डोकावू नका. शेवटी कुणाचं तरी घर आहे ते.

जाता जाता एक गंमत. पिसू आणि प्लेग यांचा संबंध तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. हवा खराब झाली, देव कोपला, इतकंच माहीत. या गोष्टीतली 'पिसू' पुढे सव्वादोनशे वर्षांनी आली, आणि ती आली आपल्या बाजूने! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसू रोग वाहते हे दाखवलं. तेव्हा त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने पद्धतशीर प्रयोग केले आणि मग शिक्कामोर्तब झालं. ही परळची प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन. थोडक्यात, ईमच्या शिंप्याच्या घरात नेमकं काय झालं असेल, हे ईमकरांना समजायला परळची मदत लागली.

अठ्ठावीस वर्षांचा पाद्री

डिसेंबरपर्यंत चाळीसहून जास्त माणसं गेली. हिवाळ्यात साथ मंदावली, वसंतात लोकांना वाटलं सुटलो, आणि जून उजाडताच ती पुन्हा उसळली. आता गावात पळापळीची भाषा सुरू झाली. ज्यांना परवडत होतं ते आधीच निघून गेले होते. बाकीच्यांनी गाठोडी बांधायला घेतली.

इथे एन्ट्री होते विल्यम मॉम्पेसनची. वय २८. म्हणजे आपल्याकडे टीम लीडचं प्रमोशन मिळण्याचं वय! दोन वर्षांपूर्वीच या गावच्या चर्चवर पोस्टिंग झालेलं, आणि गावाला तो फारसा पसंत नव्हता. त्याला कारण होतं. आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली हा लोकांचा माणूस. इंग्लंडात राजेशाही परत आल्यावर १६६२ मध्ये नवा कायदा आला, की चर्चची ठरवून दिलेली प्रार्थनापद्धत सगळ्या पाद्र्यांनी मान्य केलीच पाहिजे. स्टॅन्लीने नाही म्हटलं आणि त्याची नोकरी गेली. तरी तो गाव सोडून गेला नाही. नव्या पाद्र्याच्या प्रवचनाला जनता बसलेली, पण मन जुन्याकडे, असा सगळा मामला.

मॉम्पेसनने काय केलं? तो स्टॅन्लीकडे गेला. ज्या माणसाची खुर्ची आपल्याला मिळाली, त्याच्याच दारात जाऊन मदत मागायची, ही गोष्ट ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही विचारा किती अवघड असते ते. दोघांनी मिळून योजना आखली आणि जून १६६६ मध्ये गावापुढे मांडली. एक, आपापली माणसं आपणच पुरायची, तीही घराजवळच्या शेतात, बागेत, चर्चच्या आवारात आणायची नाहीत. दोन, चर्चला कुलूप. प्रार्थना उघड्यावर, 'ककलेट डेल्फ' नावाच्या दरीत, कुटुंबांनी एकमेकांपासून लांब उभं राहून. आणि तीन, साथ संपेपर्यंत गावाची हद्द कुणी ओलांडायची नाही.

पहिल्या दोन गोष्टी एक वेळ समजू शकतात. तिसऱ्याचा अर्थ सरळ होता. इथे राहा, आणि बहुधा मरा. मॉम्पेसनने सांगितलं की मी तुमच्याबरोबर राहीन. जवळच्या चॅट्सवर्थच्या प्रासादात राहणाऱ्या अर्ल ऑफ डेव्हनशरने अन्नधान्य पाठवायचं कबूल केलं. गावाने होकार दिला.

त्याआधी मॉम्पेसनने स्वतःची दोन मुलं यॉर्कशरला पाठवून दिली होती. हे त्याच्याविरुद्ध वापरणारे लोक आहेत. मला स्वतःला ते फार माणसासारखं वाटतं. बायको कॅथरीनलाही तो जा म्हणत होता, ती गेली नाही.

दगडाला भोकं, भोकांत नाणी

गावातून खालच्या स्टोनी मिडलटन गावाकडे जाणारी पायवाट आहे. शेतांमधून जाते, वाटेत गुरं, दगडी कुंपणं, पलीकडे टेकड्या. या वाटेवर एक मोठा धोंडा पडला आहे. बाउंडरी स्टोन. त्याला वरून सहा भोकं पाडली आहेत. आसपासच्या गावचे लोक इथपर्यंत येऊन पीठ, पाव, औषधं ठेवून जायचे. ईमकरांनी पैसे त्या भोकांत ठेवायचे, भोकांत व्हिनेगर ओतलेलं असायचं. नाण्यांवाटे रोग जाऊ नये म्हणून. आपण दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसत होतो, तो प्रकार इतका जुना आहे!

गावाच्या वरच्या अंगाला अशीच दुसरी जागा, 'मॉम्पेसन्स वेल'. इथे वाहत्या पाण्यात पैसे ठेवायचे. दोन्हीकडे आज पाहण्यासारखं म्हटलं तर काहीच नाही. एक धोंडा, एक झरा. पण धोंड्याच्या भोकावर बोट ठेवलं की पोटात काहीतरी हलतं, कारण इथून पुढे खाली जाणारी वाट मोकळी दिसते. मध्ये ना भिंत, ना दरवाजा, ना पहारेकरी. स्टोनी मिडलटन चालत अर्ध्या तासावर. रात्री अंधारात निघालं असतं तर कोण अडवणार होतं?

रायलीची सात थडगी

जुलैत पन्नासहून जास्त मृत्यू. ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरहून जास्त. त्या वर्षी उन्हाळाही कडक होता.

गावाबाहेर पूर्वेला चढावर रायली नावाचं शेत आहे. तिथे हॅन्कॉक कुटुंब राहायचं. ३ ऑगस्ट १६६६ ला त्यांच्या घरात पहिला मृत्यू झाला. १० ऑगस्टपर्यंत, म्हणजे आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅन्कॉकने आपला नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. नियम असा होता की आपलं माणूस आपणच पुरायचं, आणि मदतीला यायला कुणाची हिंमत नव्हती. तोंडाला फडकं बांधून, प्रेताच्या पायांना कापड बांधून ओढत न्यायची आणि खड्डा खणायची, असं सांगतात. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक हे बघत असत, असंही सांगतात. तिचा एक मुलगा शेफील्डला काम शिकायला ठेवलेला होता, म्हणून तो वाचला. पुढे ती त्याच्याकडे राहायला गेली.

शेताच्या मधोमध छातीइतकी सुद्धा नाही अशी गोल दगडी भिंत आहे. आत सहा उभे दगड आणि एक मोठी आडवी शिळा. मूळ खड्डे इतस्ततः होते, दगड नंतर एकत्र आणून भिंत घातली. आज ही जागा नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. टूरिस्ट मंडळी बहुतेक चर्च आणि म्युझियम उरकून चहा पितात आणि परततात. तुम्ही तसं करू नका. रायलीपर्यंत चाला. चढ आहे, पण सिंहगड चढणाऱ्यांना तो चढ वाटणारही नाही.

या सगळ्यात मार्शल हाउ नावाचं एक विलक्षण पात्र आहे. शिशाच्या खाणीत काम करणारा धिप्पाड गडी. प्लेग होऊन वाचला, आणि आता आपल्याला परत होणार नाही असं त्याने ठरवून टाकलं. ज्या घरात पुरायला कुणी उरलं नाही, तिथे हा जायचा, प्रेत पुरायचा आणि मोबदला म्हणून मेलेल्याचं सामान उचलायचा. एकदा म्हणे तो अन्विन नावाच्या माणसाला खांद्यावर टाकून निघाला, तर 'प्रेता'ने प्यायला काहीतरी मागितलं! अन्विन पुढे बरा झाला, म्हणतात. हाउचं पुढे काय झालं? त्याच ऑगस्टमध्ये त्याची बायको आणि मुलगा गेले. त्याने घरी आणलेल्या सामानातूनच रोग आला, असं गाव म्हणायचं. खरं-खोटं देव जाणे.

२५ ऑगस्टला कॅथरीन मॉम्पेसन गेली. वय २७. तिचं थडगं चर्चच्या आवारात आहे. आवारात पुरायचं नाही हा नियम तिच्या नवऱ्यानेच केला होता, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतंच. १ नोव्हेंबर १६६६ ला अब्राहम मॉर्टन गेला, आणि साथ थांबली. त्याच महिन्यात मॉम्पेसनने नातेवाइकाला लिहिलेल्या पत्रात हिशेब दिला आहे. ७६ घरांत रोग शिरला, २५९ माणसं गेली. मग त्याने गावातले कपडे, अंथरुणं जाळायला लावली. स्वतःपासून सुरुवात केली.

प्रेमकथा आणि तारखा

लव्ह स्टोरीशिवाय फीचर पूर्ण होत नाही, आणि ईमकडे ती आहे. एमॉट सिडल ईमची, रोलंड टॉर स्टोनी मिडलटनचा. लग्न ठरलेलं. साथ आल्यावर दोघं ककलेट डेल्फच्या दरीत भेटायचे, पण लांबून. तो त्या बाजूला, ती या बाजूला. बोलायचं सुद्धा नाही, नुसतं बघायचं. वसंतात एक दिवस ती आली नाही. तो रोज येत राहिला. गाव उघडल्यावर आत शिरलेल्या पहिल्या माणसांत तो होता, आणि तेव्हा त्याला कळलं.

ही गोष्ट ईमच्या चर्चमधल्या रंगीत काचेच्या खिडकीतही आहे. १९८५ मध्ये बसवलेली ही खिडकी आवर्जून बघा. साथीची सगळी कहाणी चित्रांमध्ये.

पण पाटीवरच्या तारखेकडे बघा जरा. एमॉट गेली २९ एप्रिल १६६६ ला. गावबंदी ठरली जूनमध्ये. म्हणजे ती दरीत त्याच्यापासून लांब उभी राहत असेल, तर तेव्हा तिच्यावर कुठलाही नियम नव्हता. मागच्या ऑक्टोबरात तिचे वडील आणि भावंडं एकामागून एक गेली होती. तिने जे पाहिलं होतं त्यावरून तिचं तिने ठरवलं होतं. टूर गाइड हा तपशील सहसा सांगत नाहीत. मला तर त्यामुळे गोष्ट जास्तच खरी वाटायला लागते.

खरंच स्वतःहून?

आता जरा अडचणीचा प्रश्न. गावाने हे खरोखर स्वतःहून केलं का?

पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ मध्ये ईमवर एक शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की त्या काळात या त्यागाची कुणी फारशी दखलच घेतली नव्हती. वीरगाथा घडली पुढच्या दोन शतकांत. १७२२ मध्ये रिचर्ड मीड या डॉक्टरने आपल्या प्लेगवरच्या पुस्तकात ईमचा उल्लेख केला. मग कवयित्री ॲना सेवर्ड, जी याच गावात जन्मली होती, तिने लिहिलं. १८४२ मध्ये विल्यम वुड या स्थानिक माणसाने गावाचा इतिहास छापला आणि त्यात गावकऱ्यांच्या तोंडच्या सगळ्या कथा आल्या. रोलंड-एमॉट, हाउ, सगळे. पुढे नाटकं आली, कादंबऱ्या आल्या. डॉन टेलरचं 'द रोझेस ऑफ ईम' हे नाटक आणि जेराल्डीन ब्रुक्सची २००१ ची 'इयर ऑफ वंडर्स' ही कादंबरी त्यातली गाजलेली नावं.

शिवाय जायला जागा तरी कुठे होती? १६०४ पासूनच्या कायद्याप्रमाणे अंगावर प्लेगची गाठ असलेला माणूस मनाई मोडून बाहेर फिरताना सापडला, तर त्याला फाशी देता येत होती. ईमला प्लेग आहे हे कळल्यावर शेफील्डने रस्त्यांवर माणसं बसवून येणाऱ्यांना रोखलं होतं, त्याचा खर्च तिथल्या जुन्या हिशेबात सापडतो. टाइड्सवेलच्या बाजारात गेलेल्या ईमच्या बाईला लोकांनी दगड-मातीने मारून हाकललं, अशी एक कथा आहे. बरं, खाणीत काम करणारा, शेतावर राबणारा माणूस गाव सोडून खाणार काय? पैसेवाले केव्हाच गेले होते. मॉम्पेसनची मुलंसुद्धा.

आणि अजून एक. २०१६ मध्ये व्हिटल्स आणि डिडेलो या दोन संशोधकांनी चर्चची मृत्यूंची नोंदवही आणि १६६४ चा चूलपट्टीचा कर (हो, घरात किती शेगड्या त्यावर कर होता!) यांचा मेळ घालून गणित मांडलं. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. गावाची वस्ती जुन्या पुस्तकांत म्हणतात तशी ३५० नव्हती, ७०० च्या आसपास होती. म्हणजे बऱ्याच पुस्तकांत येणारं '३५० पैकी ८३ उरले' हे वाक्य आता विसरायला हरकत नाही. आणि जवळपास तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, उंदरांकडून फक्त उरलेली. त्यातही लागण मुख्यतः एकाच घरातल्या माणसांत. जास्त शेगड्यांची घरं तुलनेने वाचली, एका शेगडीची घरं जास्त मेली.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. लागण माणसाकडून माणसाला होत असेल, तर गाव बंद केल्याने बाहेरची गावं खरोखर वाचली असणार. शेजारच्या गावांत तेव्हा साथ पसरल्याची नोंद नाहीच. पण आतल्या माणसांनी, त्यातही लहान घरात दाटीने राहणाऱ्यांनी, त्याची किंमत मोजली असणार. दोन्ही एकाच वेळी खरं.

म्हणून मग ते सगळे बिचारे अडकले होते, वीर वगैरे काही नव्हते, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला नाही पटत. १८९६-९७ मध्ये प्लेग आल्यावर लाखो लोक मुंबई सोडून गेले. भीतीपुढे कायदा फार टिकत नाही. पुण्यात सोल्जर घालून घरं तपासली, माणसं उचलून नेली, आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोय. बळजबरीने केलेल्या बंदोबस्ताचं काय होतं ते आपल्या शहराला माहीत आहे. ईममध्ये सोल्जर नव्हते. दोन पाद्री होते, एकमेकांशी न पटणारे, आणि एक अर्ल, जो धान्य पाठवत राहिला. पोटाची सोय झाली होती, सांगणारा माणूस स्वतः आत होता. तेवढ्यावर चार-साडेचार महिने ती कडी टिकली.

मॉम्पेसनला याचं बक्षीस काय मिळालं ऐका. १६६९ मध्ये त्याची बदली नॉटिंगहॅमशरच्या ईक्रिंग गावात झाली. तिथल्या लोकांना कळलं हा ईमहून आलाय, आणि त्यांनी त्याला गावात घेईनात. काही काळ म्हणे त्याला गावाबाहेरच्या झोपडीत राहावं लागलं आणि झाडाखाली प्रवचन करावं लागलं. स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारला.

बाकीचं ईम

प्लेगखेरीज गावात बघण्यासारखं भरपूर आहे, फक्त त्याच्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. चर्चच्या आवारातला कोरीव दगडी क्रॉस आठव्या शतकातला आहे, म्हणजे प्लेगच्याही नऊशे वर्षं आधीचा. चर्चच्या भिंतीवर १७७५ चं छायाघड्याळ आहे. ते इथली वेळ दाखवतंच, वर जगातल्या लांबलांबच्या ठिकाणांची वेळही काढता येते. खाणवाल्यांच्या या एवढ्याशा गावात वर्ल्ड क्लॉक कुणाला हवं होतं कोण जाणे! गावाच्या चौकाजवळ गुन्हेगाराचे पाय अडकवायचा लाकडी खोडा आहे, तिथे सगळे फोटो काढतात. समोर ईम हॉल, प्लेगनंतर सहाच वर्षांनी, १६७२ मध्ये बांधून झालेला राइट घराण्याचा वाडा. अर्धं गाव रिकामं झालेलं असताना इतका देखणा वाडा उभा राहिला, यावरून चूलपट्टीचं ते गणित आठवतं.

म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं, जुन्या मेथडिस्ट चॅपलच्या इमारतीत. छपरावर वारा दाखवणारं यंत्र आहे. इतर ठिकाणी त्यावर कोंबडा असतो, इथे उंदीर! आत गेल्यावर एक विषय निघतोच, तो जीन्सचा. म्हणजे घालायच्या नव्हे, शरीरातल्या. काही घरांत सगळे मेले आणि एकच जण वाचला, असं का? अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायनने ईममध्ये वाचलेल्यांच्या वंशजांची तपासणी केली आणि एका जनुकातला बदल (सीसीआर-५ डेल्टा-३२, हाच बदल एचआयव्हीपासूनही संरक्षण देतो) त्यांच्यात बराच सापडला. २००२ मध्ये यावर डॉक्युमेंटरी आली, खूप गाजली. पण २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत या बदलाचा प्लेगविरुद्ध काही उपयोग दिसला नाही. तेव्हा कुणी पार्टीत ही थिअरी ऐकवायला लागलं तर तुम्ही हळूच हा दुसरा भागही सांगा.

कधी आणि कसं जाल?

सर्वांत चांगला मुहूर्त ऑगस्टचा शेवटचा रविवार. त्या दिवशी 'प्लेग संडे' असतो. साथीला दोनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने १८६६ च्या सुमारास ही प्रथा सुरू झाली. गावकरी चर्चपासून मिरवणुकीने ककलेट डेल्फच्या दरीत जातात, तिथे उघड्यावर प्रार्थना होते, आणि कॅथरीनच्या थडग्यावर फुलं वाहतात. त्याच आठवड्यात गावात 'वेल ड्रेसिंग' असतं. ओल्या मातीने लिंपलेल्या मोठ्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून चित्रं करायची आणि विहिरी-झऱ्यांपाशी ती उभी करायची. आपल्या रांगोळीवाल्या आत्या-मावश्यांना दाखवलं तर तासभर हलणार नाहीत.

लंडनच्या सेंट पॅनक्रसहून शेफील्डला ट्रेनने साधारण दोन तास. तिथून मँचेस्टरकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ग्रिंडलफर्ड किंवा हॅदरसेज स्टेशन. ग्रिंडलफर्डहून ईम पाचेक किलोमीटर, चढाचं आहे पण चालत जमतं. शेफील्डहून बसही आहे, मात्र रविवारी टाइमटेबल आधी बघून ठेवा. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे वेळा तपासूनच निघा. बूट चांगले घाला, कारण बाउंडरी स्टोन आणि रायली दोन्हीकडे पायवाट शेतातून जाते आणि पाऊस तिथे विचारून येत नाही. दुपारनंतर वेळ उरला तर चॅट्सवर्थ जवळच आहे. २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमात डार्सीचं घर म्हणून दाखवलंय ते हेच. आणि बेकवेलला उतरून बेकवेल पुडिंग खाल्ल्याशिवाय परत फिरू नका. गरम मागा, वरून कस्टर्ड घालून.